धाप लागणाऱ्या लेकराचं दूध, केळी, शेंगदाणे बंद करावेत का?

तेरणाकाठ (लातूर जिल्हा):
गावात लेकराला धाप लागली की आधी दूध-दही बंद होतं, मग केळी, मग शेंगदाणे. दसऱ्याच्या आसपास, सोयाबीनच्या मळणीत धाप वाढते, तेव्हाही दोष ताटालाच. खाण्यानं खरंच दम लागतो का? ओळखायचं कसं?

गोदातीर:
लागतो, पण नुसता दमच असं क्वचित. वेळ बघा. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज किंवा उलटी, आणि सोबत खोकला, घोगरा आवाज, छातीत घरघर. तोच पदार्थ खाल्ल्यावर पुन्हा तेच झालं तर संशय पक्का. पहाटेचा खोकला महिनोन्महिने चालतो, पण कातडी आणि पोट ठीक आहे, तिथं खाण्यापेक्षा धूळ, चुलीचा धूर, सर्दी आधी तपासा. दुधानं कफ वाढतो ही समजूत चुकीची आहे. दुधाची अॅलर्जी नसताना ते तोडलं तर वाढत्या वयात प्रथिनं आणि कॅल्शियम जातं, याचं फार वाईट वाटतं.
शेंगदाण्याची अॅलर्जी ठरली तर मात्र नुसत्या शेंगा बंद करून भागत नाही. आपल्याकडं कूट भाजीत, खिचडीत, चटणीत सगळीकडं असतं, आणि मिक्सरचं भांडंही तेच.

बालाघाट:
सोयाबीनचं प्रकरण निराळं आहे. बार्सिलोना बंदरात १९८० च्या दशकात जहाजातून सोयाबीन उतरवताना उडालेल्या धुळीनं शहरात दम्याच्या साथी आल्या. कोठाराला फिल्टर बसवल्यावर त्या थांबल्या. त्रास देणारी प्रथिनं मुख्यतः टरफलात असतात, म्हणून धुळीनं धाप लागणाऱ्याला सोयाबीन खाल्ल्यानं त्रास होईलच असं नाही. मळणी यंत्र चालू असताना लेकराला खळ्यावर नेऊ नका. काम करणाऱ्यानं साधा रुमाल नव्हे, एन-९५ मास्क घट्ट बांधावा. बेसनाची धूळ आणि डाळ शिजतानाची वाफही काहींना बाधते.

तेरणाकाठ:
रक्ताच्या एकाच तपासणीत शंभर पदार्थ सांगतात, ती करावी का?

गोदातीर:
आयजीजीची (खाल्लेल्या पदार्थाविरुद्ध निरोग्या माणसातही तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची) असेल तर पैसे वाया. संशय असलेल्या पदार्थापुरतीच आयजीई (अॅलर्जीच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) किंवा त्वचेवर पदार्थाचा थेंब ठेवून हलकंसं टोचायची प्रिक टेस्ट करावी. प्रिकआधी पाच ते सात दिवस सेटिरिझिनसारख्या अॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर फोड उठतच नाही आणि निकाल खोटा येतो. उलट फोड ३ मिमी उठला तरी तो पदार्थ बाधतोच असं नाही. खाऊ घालून बघायची चाचणी दवाखान्यातच, आणि दमा आटोक्यात असतानाच.

बालाघाट:
खाल्ल्यावर गांधी आणि धाप एकत्र आली तर नुसत्या दम्याच्या पंपावर (इनहेलरवर) विसंबू नका. पहिलं औषध अॅड्रेनालिनचं इंजेक्शन. १ मिलीत १ मिग्रॅ असलेलं, किलोमागे ०.०१ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मुलांना जास्तीत जास्त ०.३ मिली, मोठ्यांना ०.५. फरक नाही पडला तर ५ मिनिटांनी पुन्हा. धाप असेल तर टेकून बसवा, चालवू नका. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात ठेवा, त्रास पुन्हा उलटू शकतो.