किनाऱ्याच्या हिशेबाला कोळी का नको?

खाडीकाठ: काल इथे एकांनी लिहिलं, की किनाऱ्याच्या नैसर्गिक भांडवलाचा, म्हणजे मासळी, कांदळवन अशा निसर्गाच्या ठेव्याचा, हिशेब अर्थतज्ज्ञांनी आणि उपग्रहचित्रं वाचणाऱ्यांनीच मांडावा, मच्छीमारांना घेतलं तर ते आपल्या फायद्याचंच सांगतील. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या डोल लावतात, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवायचं पिशवीसारखं जाळं. कांदळवनाची किंमत काढताना तुम्ही कार्बन धरता, वादळाचा आडोसा धरता. त्याच्या मुळांत वाढणारी करंदी, बोय, जिताड्याची पिल्लं कुठल्या रकान्यात? बंदरावर किती टन उतरले, त्यावरून समुद्र ठीक म्हणता. टन तेवढेच दिसतात, पण घोळ-दाढ्यासारखे मोठे मासे जाऊन फिशमीलला, म्हणजे पूड करायला, जाणारं बारीक आलेलं असतं. टोपली उपसणाऱ्या बाईला हे तुमचा आकडा छापून यायच्या कितीतरी आधी कळतं. मुद्दल खाऊन चाललंय आणि वहीत ते व्याज म्हणून लिहिलं जातंय.

आकडेमोड: ती पोस्ट माझी. सीएमएफआरआय ही केंद्राची सागरी मासळी संशोधन संस्था जातवार नोंद ठेवते, नुसते टन नाही. आणि साठा वेगळा, त्यातून मिळणारं वेगळं मांडा, हे संयुक्त राष्ट्रांच्या 2021च्या निसर्ग-हिशेबाच्या पद्धतीतच आहे. पर्ससीनवर, म्हणजे अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, 2016ला राज्यात निर्बंध आले, एलईडी दिव्यांनी मासे ओढून पकडण्यावर 2017ला केंद्राने बंदी घातली. तरी रात्री दिवे लागतात. लावणारे मच्छीमारच ना?

खाडीकाठ: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. पर्ससीनविरुद्ध मोर्चे पारंपरिक मच्छीमारांनीच काढले. मी स्वतः दोन वेळा गेलोय, हंगामातले दिवस मोडून.

मीरा_प: मोर्चे राहू द्या. 2023ला पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी 54 जातींना पकडण्यासाठी किमान आकार ठरला. आणि रविवारी आमच्या बाजारात तळहाताएवढी पापलेटं वाट्यावर! विचारलं तर बाई म्हणाली, घ्यायचं तर घे. हेच का तुमचं ज्ञान?

नलूताई: मीराताई, 31 वर्षं पाटी घेऊन बसते मी. सुपर सरंगा, म्हणजे मोठं पापलेट, समोर ठेवला की भाव ऐकून गिऱ्हाईक पुढे जातं. कलवट, म्हणजे लहान पापलेट, अर्ध्या तासात संपते, कारण ताटात अख्खी मावते. मी नाही आणली तर शेजारची आणते. पावसाळ्यातल्या 61 दिवसांच्या मासेमारीबंदीत माझ्या घरी कोण विचारायला येतं? आधी तुम्ही मागणं सोडा.

मीरा_प: म्हणजे दोष खाणाऱ्यांचा? मी लहान पापलेट दोन वर्षं घेतलेलं नाही.

नलूताई: एकट्या तुम्ही. तुमच्या सोसायटीतल्या बाकीच्यांचं काय?

आकडेमोड: इथेच माझं म्हणणं सिद्ध होतं. पिल्लू विकतोय हे माहीत आहे, तरी विकलं जातं. जाणकारी असणं आणि राखण करणं वेगळं.

खाडीकाठ: जिची चूल त्यावर पेटते तिला घरबसल्या शिकवू नका! सर्वेक्षणाला आलेला एक मुलगा आमच्या धक्क्यावर दुपारी बारा वाजता उतरला. लिलाव सकाळीच उरकला होता. रिकामी टोपली बघून त्याने मासळी कमी असं लिहिलं. उधाण-भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, माहीत नसलेल्या माणसाने माझ्या दर्याचा हिशेब लिहायचा?

आकडेमोड: एका मुलावरून अख्खी पद्धत मोडीत काढू नका. तुमच्या डोलीच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, काय येतं, तेही सांगा.

खाडीकाठ: सांगतो. खोल्याची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक असते, पिल्लं येतात. माझ्याही डोलीत येतात. वडील आस मोठी ठेवायचे, मी जवळ्यासाठी बारीक केली. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण ते किती येतं, कुठल्या महिन्यात, कुठल्या पाण्यात, हे माझ्याशिवाय कुठल्या उपग्रहाला दिसतं?

आकडेमोड: नाही दिसत. हे मान्य करावं लागेल. नोंद तुमच्याकडून यावी, रोजची, आणि तिचे पैसे मिळावेत. पण अंतिम आकड्यावर सही एकट्या तुमची नको.

नलूताई: सही नको मला. लिलावाच्या वेळी धक्क्यावर या. कुठल्या टोपलीत किती कलवट आहे, हाताने उचलून दाखवते.

मीरा_प: किती वाजता यायचं?