मिररलेस घेतला म्हणून जुन्या लेन्स फुंकून टाकू नका

अजिंक्यतारा_पायथा

आमच्या साताऱ्यात सध्या एक प्रकार सारखा दिसतोय. कुणी आरशाचा डीएसएलआर देऊन बिनआरशाची मिररलेस बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली की पाठोपाठ त्याच्या सगळ्या जुन्या लेन्स विक्रीला निघतात. दुकानात सांगतात, "ह्या आता चालायच्या नाहीत, देऊन टाका, किट (बॉडी आणि तिच्याबरोबरची लेन्स) घेऊन जा." मग चांगली पन्नास मिमीची प्राइम (झूम नसलेली), एखादी मायक्रो (अगदी जवळून काढायची), १०५ ची पोर्ट्रेट लेन्स मिळेल त्या भावात जाते. मला हे बघवत नाही. माझं ठाम मत आहे की जुन्या लेन्सचं खरं चीज मिररलेसवरच होतं.

कारण सांगतो. लेन्स जिथे अडकते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटला (लेन्स अडकवायच्या जोडाला) ठरलेलं असतं. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटला ते ४६.५ मिमी आहे. २०१८ च्या झेड माउंटला फक्त १६ मिमी, कारण मधला आरसाच गेला. उरलेल्या साडेतीस मिमीत पोकळ नळकांडं, म्हणजे अडॅप्टर, बसवलं की काम झालं. त्यात काच नाही, त्यामुळे चित्र बिघडायचा प्रश्न नाही. कॅननवाल्यांची गोष्ट तर याहून मोठी. १९८७ मध्ये ४४ मिमीचा ईएफ माउंट आला आणि ४२ मिमीच्या एफडी लेन्स रातोरात पोरक्या झाल्या. मध्ये काच घातल्याशिवाय त्यांचं लांबचं फोकसच लागेना. त्याच लेन्स आज १८ मिमीच्या सोनी ई माउंटवर किंवा २० मिमीच्या आरएफवर साध्या अडॅप्टरने चालतात.

आणि नव्या सोयींचा सगळ्यात जास्त फायदा जुन्या काचेलाच होतो. डीएसएलआरच्या फोकसिंग स्क्रीनवर एफ/१.४ ची (आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं) उथळ खोली, म्हणजे फोकसमध्ये राहणारा पट्टा, खरी दिसायचीच नाही, साधारण एफ/२.८ इतकीच दिसायची. हाताने फोकस चुकायचा तो त्यामुळे. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये प्रत्यक्ष सेन्सरवरचं चित्र दिसतं, ते मोठं करून पापणीचा केस न् केस बघता येतो. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरायची सोय) असेल तर चाळीस वर्षांपूर्वीची लेन्सही स्थिर होते. फक्त मेनूत फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भरावी लागते.

वाईजवळच्या बावधनच्या बगाड जत्रेचं सांगतो. रंगपंचमीचा दिवस, बैलांच्या जोड्या, वर शिडाला टांगलेला बगाड्या (नवसाचा मानकरी), खाली गुलाल आणि धुरळा, आणि सगळीकडून माणसंच माणसं. तिथे ऑटोफोकस कधी समोरच्या हातावर जातो, कधी कुणाच्या फेट्यावर. मी जुन्या ३५ मिमीवर एफ/८ लावतो, फोकसची रिंग पाच मीटरवर ठेवतो. अडीच मीटरपासून पुढचं सगळं फोकसमध्ये येतं आणि शटर दाबताक्षणी फोटो निघतो. लेन्सवर खोलीची खूण कोरलेली असते, मेनूत शिरायची गरज नाही. ही खूण आजकालच्या बहुतेक लेन्सवरून गायब झाली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हळदपेठ

दादा, तळमळ पोचली, पण पूर्ण असहमत. मी सांगलीत लग्नं करतो, पोट त्यावर आहे.

अंतरपाट खाली येतो तो क्षण घ्या. "सावधान" म्हटलं की दोन्ही बाजूंनी अक्षता सुटतात, नवरी मान वर करते, वर हार पुढे करतो. जेमतेम दोन सेकंद. मधल्या हवेत तांदूळ, समोर करवलीचा हात, मागे एलईडीची भिंत. त्यात नवरीच्या डोळ्यावर ऑटोफोकसचा चौकोन बसतो आणि बसूनच राहतो, हे नव्या कॅमेऱ्याचं सगळ्यात मोठं देणं आहे. जुनी मॅन्युअल लेन्स लावली की तुम्ही तेच बंद करता. बॉडीला लाखभर रुपये मोजायचे आणि तिचा अर्धा जीव बाजूला ठेवायचा, हे मला पटत नाही.

दुसरं, तुमचं पाच मीटरचं गणित. लेन्सवरची ती खूण फिल्मच्या आणि हातात धरायच्या प्रिंटच्या हिशोबाने कोरली आहे. ४५ मेगापिक्सेलवर पडदाभर मोठं करून बघा. अडीच मीटरवरचा चेहरा चालवून घेण्याइतका असतो, धारदार नसतो. माझं गिऱ्हाईक अल्बमचं पान बोटांनी चाचपून बघतं.

तिसरं, दागिने. जुनी ५० एफ/१.८डी पूर्ण उघडी ठेवून शालूची जर आणि ठुशी घ्या. चमकत्या कडांना जांभळी किनार येते. नव्या झेड ५० एफ/१.८ एस मध्ये ती जवळपास दिसत नाही. काच सुधारली आहे हो, नुसती मोटर नाही.

सोनकी

दोघांचंही वाचलं. मी कास पठारावर फुलांचे फोटो काढते, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे.

नवीन कॅमेऱ्यात फोकस स्टॅकिंगची सोय असते. कॅमेरा स्वतःच फोकस थोडाथोडा पुढे सरकवत फोटो घेतो, मग घरी ते जोडायचे. हे फक्त ऑटोफोकसच्या लेन्सवर होतं, कारण लेन्स फिरवायला मोटर लागते. ऐकायला फार छान. पण कासच्या सड्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात वारा थांबतो कुठे? दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पतीचं रोप दोन-तीन बोटांचं, त्याच्या केसांवरचे चिकट थेंब टाचणीच्या टोकाएवढे. वारा अर्धा सेकंद थांबला तर एकच फोटो मिळतो. तिथे मी जुनी ५५ मिमीची मायक्रो लावते, मोठं करून बघते, आणि अंग पुढेमागे करून फोकस लावते. रिंगला हातही लावत नाही. यात धागाकर्त्यांचं बरोबर आहे.

पण एक अडचण कुणी सांगितली नाही. ५५ ची ती लेन्स सेन्सरवर वस्तूच्या निम्म्या आकाराचंच चित्र देते आणि त्यासाठी फूल सेन्सरपासून वीत-सव्वा वीत अंतरावर लागतं. पायवाटेवरून तेवढं जवळ जाता येत नाही, आणि फुलांत पाय टाकायचा नसतो. त्यामुळे जरा लांबून घेणारी १०५ ची मायक्रो लागतेच. मिररलेसची सोय म्हणाल तर मला सगळ्यात मोलाची वाटते ती दुमडणारी स्क्रीन. पूर्वी फोटोवाले सीतेच्या आसवांच्या फुलांवर पालथे पडायचे. आता कॅमेरा खाली धरून वरून बघता येतं. युनेस्कोने २०१२ मध्ये ज्या जागेला जागतिक वारसा म्हटलं तिथे एवढं तरी जपायला हवं.

चांदोली_बफर

सगळ्यांनी "जुनी लेन्स" म्हणून एकाच पोत्यात सगळं भरलंय, वाद त्यामुळे वाढतोय. जुनी म्हणजे कोणती ते आधी बघा.

कॅननची ईएफ असेल तर प्रश्नच नाही. मोटर आणि अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) पहिल्यापासून लेन्समध्येच, सगळं विजेवर. अडॅप्टर लावा, डोळ्याचा फोकससुद्धा चालतो. निकॉनची एएफ-एस असेल तरी चालतो, तिचीही मोटर लेन्समध्येच. पण एएफ-डी असेल तर तिची मोटर बॉडीत असायची आणि एफ लेन्स झेडवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती घातलेलीच नाही. म्हणजे फोकस हाताने. सोनीने २०२० मध्ये आपल्या एलए-ईए५ अडॅप्टरमध्ये तशी मोटर घालून दाखवली, अर्थात काही ठरावीक बॉडींसाठी. निकॉनला हे जमलं असतं, त्यांनी केलं नाही. लाखो एएफ-डी लेन्स लोकांकडे पडून असताना हा निर्णय मला आजही खटकतो.

माझ्याकडे ३०० एफ/४ची जुनी एएफ-एस आहे. तिच्यात व्हीआर (लेन्समधलं स्टॅबिलायझेशन) नव्हतं. मिररलेसवर बॉडीचं स्टॅबिलायझेशन मिळालं आणि हातात धरून वापरण्याजोगी झाली. कृष्णेच्या काठावर खंड्या फांदीवर बसलेला असतो, तो कधी झेपावेल सांगता येत नाही. बोट दाबलं तोवर तो पाण्यात. नव्या बॉडीत शटर अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा आधीचे फोटो साठवत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर मागचा क्षणही देतो. ऑलिंपसने २०१६ मध्ये ई-एम१ मार्क टू वर हे आणलं, निकॉनने २०२२ मध्ये झेड९ ला फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटने) दिलं, तेही जेपेगमध्ये. ही सोय बॉडीची आहे, माझी जुनी लेन्स तिच्यासोबत मजेत चालते. हो, नव्या लेन्सइतकी चपळ नाही. खंड्या थेट अंगावर आला तर ती मागे पडते.

काचेचा_डॉक्टर

लेन्स दुरुस्त करतो म्हणून थोडं लिहितो. इथे कुणी बुरशीचं नावच काढलं नाही!

महाबळेश्वर, पाटण, कोयना भागातून पावसाळ्यानंतर ज्या लेन्स येतात त्यांतल्या कित्येकांत आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असते. सुरुवातीला निघते. उशीर झाला की ती काचेवरचं कोटिंग खाते, मग साफ केलं तरी डाग राहतो. चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आणि महिन्यातून थोडा वेळ बाहेर काढून वापर. ४० ते ५० टक्के आर्द्रता ठीक. फार कोरडंही नको, ग्रीस सुकतं.

सेकंडहँड घेताना मागून टॉर्च मारून आडवं बघा. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट आहेत का बघा, सोनकीताईंच्या त्या ५५ एफ/२.८ मध्ये हा रोग नेहमीचा. पेंटॅक्सच्या जुन्या टाकुमार ५० एफ/१.४ ची काच पिवळी दिसली तर घाबरू नका. तिच्या काही काचांत थोरियम आहे, कालांतराने पिवळी पडते. चांगल्या उन्हात काही दिवस ठेवली की बरीच निवळते.

अजिंक्यतारा_पायथा

हळदपेठ, लग्नात डोळ्याचा फोकस हवा हे मी नाकारत नाही. तुमचं काम हातून निसटलं तर परत मिळत नाही. पण सगळे लग्नं करत नाहीत. इथला एखादा शिक्षक, एखादा शेतकरी कॅमेरा घेतो तो घरच्यांचे, गावच्या जत्रेचे, सज्जनगडाच्या वाटेचे फोटो काढायला. त्याला "जुनं चालत नाही" सांगून लुबाडलं जातं, माझा राग त्याच्यावर आहे.

जांभळी किनार एफ/२.८ वर बरीच कमी होते. ४५ मेगापिक्सेलचं म्हणाल, तर बगाडाचा फोटो कुणी पापण्या मोजायला बघत नाही. त्यात बगाड्याचं तोंड, बैलांचा जोर आणि खालची गर्दी एकत्र दिसायला हवी. आणि हाताने फोकस करतानाही नव्या बॉडी मदतीला येतात. २०२३ च्या निकॉन झेडएफमध्ये मॅन्युअल फोकसलासुद्धा चेहरा-डोळा ओळखला जातो, बटण दाबलं की तोच भाग मोठा होतो. कंपनीलाच कळलंय की लोक जुन्या काचा सोडणार नाहीत.

हळदपेठ

एफ/२.८ वरच वापरायची असेल तर एफ/१.८ ची लेन्स कशाला सांभाळायची, दादा? आणि मोठं करून बघेपर्यंत लेकरू मान वळवतं. बसलेल्या आजोबांसाठी ठीक आहे. रांगणाऱ्या नातवाचा फोटो घरच्या माणसालाही हवा असतो, तिथे माझ्याइतकाच त्यालाही ऑटोफोकस लागतो. हौशी माणसाला तर जास्तच लागतो, कारण त्याचा हात रोजचा नसतो. माझं मत तेच: एक नवी ऑटोफोकस लेन्स आधी, जुन्यांचं प्रेम नंतर.

इस्लामपूर_एसटी

मी कॉलेजला आहे. काकांची निकॉन ५० एफ/१.८डी आणि एएफ-पी १८-५५ आहे. निकॉनचा झेड५०-टू घ्यायचा विचार आहे. काय ठेवू, काय विकू?

चांदोली_बफर

१८-५५ एएफ-पीची मोटर तिच्यातच आहे, अडॅप्टरवर फोकस होतो. ५० ची डी हाताने फोकस करावी लागेल. आणि नीट ऐक, झेड५०-टूच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. वर धागाकर्ते म्हणतात तो फायदा तुला मिळणार नाही, शटर १/१०० च्या खाली नेऊ नकोस. सेन्सर लहान असल्यामुळे ५० ची लेन्स ७५ सारखी दिसेल, पोर्ट्रेटला छान.

हळदपेठ

दोन्ही विक. बॉडीबरोबर मिळणारी १६-५० घे, अडॅप्टरचे पैसे वाचव.

अजिंक्यतारा_पायथा

१८-५५ विकलीस तरी चालेल, त्या जागी १६-५० घे. तिच्यात व्हीआर आहे. पण ५० विकू नकोस बाळा. तिचे हातात फार थोडे येतील, आणि संध्याकाळी घरातल्या एका बल्बखाली फोटो काढायला एफ/१.८ लागेल तेव्हा १६-५० पुरणार नाही. तिच्या ५० मिमीच्या टोकाला जास्तीत जास्त एफ/६.३ मिळतं, म्हणजे साडेतीन स्टॉपहून जास्त (एका स्टॉपला उजेड निम्मा) कमी उजेड. अडॅप्टर सेकंडहँड बघ. पहिला एफटीझेड घेतलास तरी चालेल, दुसऱ्यात ट्रायपॉडचा पाय काढलाय एवढाच मोठा फरक. अ‍ॅपर्चरची रिंग २२ वर फिरवून लॉक कर, नाहीतर स्क्रीनवर एरर दाखवेल.

इस्लामपूर_एसटी

२२ वर लॉक म्हणजे मग १.८ कसं लावायचं?

अजिंक्यतारा_पायथा

बॉडीच्या चाकावरून. अडॅप्टरमध्ये अ‍ॅपर्चरची कळ आहे, ती पाती हलवते. फोकस मात्र तुझ्या बोटांनी.