मदत हवी आहे: ‘परत मशीनवर घालू नका’ म्हणणाऱ्या आजोबांशी कसं बोलू?

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर आहे, फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी (पदव्युत्तर शिक्षण) करतेय, दुसरं वर्ष. अडचण औषधांची नाही, बोलण्याची आहे.

ओपीडीत सीओपीडीचे (फुप्फुसांचा जुनाट, दम लागण्याचा आजार) एक आजोबा येतात. पंचाहत्तरी उलटलेली, घरी ऑक्सिजन चालू. पावसाळ्यात आठ दिवस व्हेंटिलेटरवर काढलेत. परवा फाईल पुढे सरकवत म्हणाले, "डॉक्टर, पुन्हा दम लागला तर मला त्या मशीनवर घालू नका. हात बांधून ठेवले होते माझे."

आणि मी काय म्हणावं? "असं अभद्र काय बोलता आजोबा, ठणठणीत व्हाल!"

ते गप्प झाले. दाखवायला काढलेला पंप परत पिशवीत ठेवला. ठणठणीत होणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. तेव्हापासून स्वतःचाच राग येतोय.

बाहेर मुलानं गाठलं. "बाबांसमोर असले विषय काढू नका, खचतील ते." विषय त्यांनीच काढला होता, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

कायदा वाचलाय. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला) मान्यता दिली, पण न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. फॅमिली डॉक्टर असेल तर त्यालाही प्रत द्यायची असते. म्हणजे कागद फिरून आपल्याच टेबलावर येणार! पण त्याआधीचं बोलणं? घशात नळी घालायला मी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) शिकले, हे कशावर शिकायचं? (आणि ‘इच्छापत्र’ म्हटलं की घरच्यांना आधी सातबारा आठवतो.)

तर जुन्याजाणत्यांना विचारते, पहिलं वाक्य तुम्ही काय बोलता? मुलाला आधी विश्वासात घ्यायचं, की आजोबांना विचारून त्यांच्यासमोरच सगळं बोलायचं? मला दुसरं पटतं. पण रात्री दोनला दम लागला तर गाडी मुलगाच काढणार, आणि कॅज्युअल्टीत "काहीही करा, पण वाचवा" हेही तोच म्हणणार. शिवाय ‘मशीन नको’ म्हणजे नेमकं काय नको? घशातली नळी, की मास्कमधून श्वासाला जोर देणारं बायपॅपसुद्धा? हे मी विचारलंच नाही. आणि नोटरी होईपर्यंत केसपेपरवर त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवता का तुम्ही?

आजोबा मंगळवारी परत येणार आहेत.