मदत हवी आहे – इन्शुरन्स अकाउंटिंगमध्ये पुढे कसं जायचं?

नमस्कार मैत्रिणींनो, मी ८ वर्षं जनरल इन्शुरन्स कंपनीच्या फायनान्समध्ये आहे, अनअर्न्ड प्रीमियम (अजून कमाई न धरलेला भाग), रीइन्शुरन्सचा (विमा कंपनीने स्वतःसाठी घेतलेल्या विम्याचा) हिशोब, आयबीएनआरच्या (घडलेल्या पण अजून कंपनीला न कळलेल्या क्लेम्सच्या) एन्ट्र्या हे सगळं हातचं झालंय आणि खरं सांगू तर मला हे काम मनापासून आवडतं. आज घेतलेला वर्षभराचा प्रीमियम लगेच कमाई धरायचा नाही, जसजसे दिवस सरतील तसतसा धरायचा, हे पहिल्यांदा कळलं तेव्हाच या विषयाची गोडी लागली.

अडचण अशी की २०२३ पासून आयएफआरएस १७ (विम्याच्या हिशोबाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) लागू झालं तेव्हा सीएसएमचं (कॉन्ट्रॅक्टमधल्या अजून न धरलेल्या नफ्याचं) वर्किंग मी रात्री जागून बसवलं, कोणते कॉन्ट्रॅक्ट ओनरस (तोट्यात जाणारे) आहेत, कुणाचा तोटा लगेच दाखवायचा हे मीच शोधून काढलं, पण बोर्डासमोर ते मांडलं दुसऱ्याने आणि मला सांगितलं, तू मिनिट्स घे. फाइलवर अजूनही माझीच इनिशियल्स आहेत. त्यानंतर बाळंतपणाची रजा झाली, परत आले तर रिपोर्टिंगचं काम काढून मला नुसतं रिकन्सिलिएशन (खाती जुळवण्याचं काम) दिलंय, "तुला क्लोजिंगला (हिशोब बंद करायच्या दिवसांत) उशिरापर्यंत थांबणं जमणार नाही" म्हणे, मला विचारलं कुणीच नाही.

आता ॲक्च्युरियलचे (विम्यातली जोखीम गणिताने मोजण्याच्या कोर्सचे) पेपर द्यावेत, की रिपोर्टिंगमध्येच राहून मॅनेजरपद मागावं? ज्या यातून गेल्यात त्यांनी प्लीज सांगा, साहेबांशी हा विषय नेमका कुठल्या शब्दांत काढलात? आणि क्लोजिंगच्या आठवड्यात लहान बाळ असताना टीमशी वेळा कशा ठरवून घेतल्यात?