लेक सगळ्यांकडे पुरावा मागते, स्वतःकडे मात्र नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

लेक साडेनऊ वर्षांची. दुसरीनंतर शाळा सोडवली, आता घरीच शिकवतो. आम्ही पुण्यात असतो. (शिक्षण हक्क कायदा, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, १४ पूर्ण झाल्यावर दहावीचा फॉर्म, हे सगळं शोधून झालंय. "शाळेत का घालत नाही?" हा प्रश्न कृपया इथे नको, त्यासाठी नातेवाईक आहेत.)

घरी शिकवायचं ठरलं तेव्हा आमचा दोघांचा एकच हट्ट होता. पाठांतर थोडं कमी झालं तरी चालेल, पण "हे तुला कशावरून कळलं?" असं तिला विचारता आलं पाहिजे. ते आता येतं. इतकं येतं, की घरात अबोला झालाय.

झालं असं, की गणपतीत साबा (सासूबाई) आल्या होत्या. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा त्या देवळाबाहेर दोन तास रांगेत उभ्या होत्या. ती हकीकत त्यांनी रंगवून सांगितली. लेकीने लगेच देवघरातला पितळी गणपती मागितला, साबांनी कौतुकाने दिला. चमचा काठोकाठ भरून तिने सोंडेला टेकवला आणि दूध सर्रकन ओढलं गेलं. साबांनी हात जोडले. मग ही बया स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली. धुतला, ओलाच उभा केला, चमचा टेकवला. वरवंटाही दूध प्यायला! त्यावर कडी म्हणजे दुधात हळद कालवून पुन्हा गणपती. पोटावरून पाटापर्यंत उतरलेला पिवळा ओघळ बोटाने दाखवत म्हणते, "आजी, पीत नाहीये, सांडतंय. तू तेव्हा खाली बघितलंच नाहीस का?"

प्रयोग म्हणून विचाराल तर मी दहापैकी दहा देईन. पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागाचा ताण, ज्याने दूध सोंडेकडे ओढलं जातं) अजून शिकवलाही नव्हता. हळदीची युक्ती तिची तिलाच सुचली (१९९५ साली दिल्लीत शास्त्रज्ञांनीही रंग घातलेलंच दूध वापरलं होतं, हे तिला मी नंतर सांगितलं). पण साबा त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाला एवढंच म्हणाल्या, "आईला खोटं पाडायला पोरीला शिकवून ठेवलंत होय?" आणि दोन दिवस आधीच परत गेल्या.

बरं, ही चिकित्सा सगळीकडे असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. "माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो" हे तिने एका व्हिडिओत ऐकलं आणि लगेच मानलं. कशावरून, तर सांगणाऱ्याच्या अंगात पांढरा कोट होता.

मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशीही (सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसत नाही, तो दिवस) तेच. पुण्यात तो १३-१४ मेच्या सुमारास येतो. गच्चीत काठी रोवली. बाराला सावली होती. "पुस्तक चुकलंय," असं जाहीर करून बाईसाहेब खाली गेल्या. आपलं घड्याळ पुण्याच्या सूर्यावर चालत नाही, इथे त्या दिवशी सूर्य १२ वाजून ३१ मिनिटांनी माथ्यावर येतो. मी उन्हात थांबून फोटो काढला. तो बघून काय म्हणावं? "तू काठी उपटून ठेवली असशील."

तर प्रश्न असे. शंकेचा रोख स्वतःकडे कसा वळवायचा? घरी तपासताच येत नाहीत अशा गोष्टी, म्हणजे इतिहास वगैरे, कशा घ्यायच्या? आणि साबांचं काय करू?

प्रतिसाद १

वहीत प्रयोगाआधी दोन ओळी लिहून घ्या: मला काय होईल असं वाटतं, आणि काय दिसलं तर मी चुकले असं मानेन. आधी लिहिलेलं नंतर फिरवता येत नाही. आमच्या पोराने पहिला महिनाभर वही लपवून ठेवली होती, तेव्हा धीर धरा.

प्रतिसाद २

इतिहासासाठी शिवजन्माची तारीख घ्या. १६२७ की १६३०, हा वाद आपल्याकडे किती वर्षं चालला! १६२७ उशिराच्या बखरींतून आलेलं. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत) आहे, परमानंदाच्या शिवभारतात (महाराजांवरच्या शिवकालीन संस्कृत काव्यात) आहे आणि राजस्थानात सापडलेल्या महाराजांच्या कुंडलीशीही जुळते. (हो, पत्रिका इथे चक्क पुराव्याच्या कामी येते. लेकीला ही गंमत आवडेल.) कागद कोणी लिहिला, घटनेनंतर किती वर्षांनी, कोणाचं पाहून, एवढे तीन रकाने तिला आखून द्या.

आणि ताई, तुमच्या साबा म्हणजे प्रत्यक्ष साक्षीदार आहेत. त्यांची साक्ष नोंदवायच्या आधीच तुमच्या लेकीने निकाल दिला. आधी नीट विचारू तरी दे म्हणावं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. वही सुरू केली आहे, सध्या रुसवेफुगवे चालू आहेत. शिवजयंतीचे रकाने आखून झाले.

काल तिच्याकडून साबांना फोन करवला. आधी मी बजावलं होतं, की फक्त विचारायचं आणि लिहून घ्यायचं, मत द्यायचं नाही. चमचा कोणी धरला होता, मूर्ती दगडाची की धातूची, गाभाऱ्यात उजेड किती होता, असं बरंच विचारलं. साबा आधी तुटक बोलत होत्या, मग खुलल्या. शेवटी आपणहून म्हणाल्या, "पायाखाली फरशी नुसती चिकचिक करत होती गं, घरी येऊन पाय धुवावे लागले."

लेकीने ते लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर हळूच मला म्हणाली, "आजीने खाली बघितलं होतं."

१४ मेचा फोटो मात्र तिला अजून मान्य नाही.