मदत हवी आहे: एसयूव्हीचं ॲव्हरेज वाढवायचंय, शुक्रवारी निघायचंय

घाईत_जळगावकर
मंडळी, गाडीचं ॲव्हरेज साफ झोपलंय. आठच्या वर सरकत नाही. शुक्रवारी पहाटे द्वारका-सोमनाथला निघतोय, घरचे सगळे सोबत. सर्व्हिसिंग झालेलं आहे, तेव्हा तो सल्ला नको. पंपावर ते बाटलीतलं औषध मिळतं ते टाकू का? लवकर सांगा.

जुना_डायव्हर
गाडी कोणती? पेट्रोल का डिझेल? आठ गावात का हायवेला?

भुसावळ_जंक्शन
डीपीएफ, म्हणजे डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी, चोक झालाय. गावातल्या गावात फिरवलं की काजळी जळत नाही. हायवेला अर्धा तास एका लयीत चालवा, मोकळी होईल. माझ्याकडे हेच झालं होतं.

घाईत_जळगावकर
पेट्रोल आहे हो. सात सीटर, ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, लगेच भांडणं लागतात.

भुसावळ_जंक्शन
डिझेलच घ्यायला हवी होती.

गॅरेजवाला_चाळीसगाव
बाटलीचे पैसे वाचवा. हवा बघा आधी. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, बऱ्याच गाड्यांना फुल लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो. तुम्हाला तोच लागू. टायर थंड असताना भरा. लांबच्या पंपावर तापवत नेली की मीटर जास्त दाखवतं आणि तिथला पोरगा उलट हवा सोडून देतो. मग जॅकवर एकेक चाक उचलून हाताने फिरवा. ब्रेक चिकटत असेल तर चाक जड फिरतं, घासल्याचा आवाज येतो. आणि आठ हा आकडा डिस्प्लेवरचा का? टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, परत फुल, मग भागाकार. तोच खरा.

सातपुडा_रायडर
नायट्रोजन भरा, फरक पडतोच.

गॅरेजवाला_चाळीसगाव
साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, दादा.

इंजिनिअर_धुळे
सगळा घोळ ई-20 चा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी. वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के जागेवरच गेले.

जुना_डायव्हर
मग आठचे फार तर साडेआठ होतील. बाकीचं कोण पितंय?

घाईत_जळगावकर
डिस्प्लेवरचंच बघितलं. गावातलं. हवा चारही टायरला 30 आहे. वर कॅरिअर आहेच, बॅगा त्यावरच टाकणार. त्याचा काही संबंध नसेल ना?

गॅरेजवाला_चाळीसगाव
हे आत्ता सांगताय! रिकामा कॅरिअरसुद्धा हायवेला वारा अडवतो, वर बॅगा म्हणजे भिंतच. काढून टाका. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, 90 चे 110 केले की जवळजवळ दीडपट. 85-90 ला धरून चला. गावातल्या आठवर जाऊ नका, सिग्नल आणि गर्दीत जड ऑटोमॅटिक तेवढंच देते.

सातपुडा_रायडर
कोंडाईबारी घाट उतरताना न्यूट्रल टाका, फुकटात उतरते.

जुना_डायव्हर
असलं काही सांगू नका. गिअरमध्ये पाय सोडला की आजकालच्या इंजिनात पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलला मात्र आयडलसाठी जळत राहतं, वर इंजिनचा ब्रेकही जातो. घाटात ट्रकच्या मागे असताना कळेल.

तापीकाठ
भाऊ, धुळ्याले टाकी फुल कसाले करतस? नवापूरना पुढे गुजरातमा पेट्रोल स्वस्त शे. तठे भर.

घाईत_जळगावकर
विचारलं ॲव्हरेज, सांगता भाव!

इंजिनिअर_धुळे
पण मुद्दा बरोबर आहे, पैसे तिथेच जास्त वाचतील. नवापूरचं रेल्वे स्टेशनही अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे.

भुसावळ_जंक्शन
स्टेशन राहू द्या, पुढे शेवभाजी मिळणार नाही. धुळ्यातच खाऊन घ्या.

जुना_डायव्हर
पहाटे कोण शेवभाजी खातं?

भुसावळ_जंक्शन
आम्ही.

घाईत_जळगावकर
कॅरिअर उद्या उतरवतो. स्टिकर बघितला, फुल लोडला 36 लिहिलंय. पण सात माणसं बसल्यावर मागे दोनच बॅगा मावतात. बाकीच्या कुठे ठेवू?

गॅरेजवाला_चाळीसगाव
सोमनाथला कुरिअर करा, नाहीतर कपडे कमी न्या.

सातपुडा_रायडर
कॅरिअर विकायचा का? माप सांगा.