स्वतःच्या बळावर सोडवायला भौतिकशास्त्र आणि कॅल्क्युलसची कठीण गणितं हवी आहेत

अजनी_चौक
बी.एस्सी. पहिलं वर्ष, नागपूर. परीक्षेत येणारी बहुतेक गणितं सूत्रात आकडे टाकले की सुटतात. बर्डीवर (इथल्या बाजारात) पुस्तकं विचारली तर जेईईचेच संच पुढे करतात, आणि ते दोन-तीन मिनिटांत पर्याय निवडायच्या हिशेबाने लिहिलेले असतात. एकेका गणितावर तास-दोन तास बसावं लागेल असं काही हवं आहे. क्लास नाही, विचारायला कोणी नाही. सुरुवात कुठून करू? आणि उत्तर बरोबर आलं हे कोणाला न विचारता कसं कळणार?

शून्य_मैल
भौतिकशास्त्रासाठी इरोडॉव या रशियन लेखकाचा गणितसंग्रह सगळेच सांगतील. पुस्तक उत्तमच आहे, पण बहुतेक गणितांना मागे नुसतं उत्तर आहे, रीत नाही. एकट्याने शिकणारा तिथे अडकला की अडकूनच राहतो. म्हणून आधी भौतिकशास्त्र ऑलिंपियाडचे (शाळकरी मुलांच्या स्पर्धेचे) पेपर घे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय पातळीचे जुने पेपर उत्तरांसकट फुकट आहेत. बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं. एकाच गणिताचे लहान लहान भाग केलेले असतात आणि पुढचा भाग मागच्यावर उभा असतो, त्यामुळे नेमकं कुठे अडलं ते कळतं.

ते जमायला लागले की आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड. १९६७ साली वॉर्सापासून सुरू झालेली ही स्पर्धा. जुने प्रश्न उत्तरांसह नेटवर आहेत. लेखी परीक्षेत पाच तासांना तीनच प्रश्न, म्हणजे एकाला शंभर मिनिटं. तू मागतोस ते हेच.

बसायची पद्धत: पहिली चाळीस मिनिटं उत्तराकडे बघायचंच नाही. अडलास तर कुठे अडलं ते एका ओळीत लिही. मग उत्तर फक्त त्या जागेपर्यंत वाच, बंद कर, पुढचं स्वतः कर. आठवड्याने कोऱ्या कागदावर तेच गणित पुन्हा. रीत वाचून 'समजलं' वाटलेलं गणित या दुसऱ्या वेळी हमखास अडतं.

रेशीमबाग
कॅल्क्युलससाठी अमेरिकेतल्या पुटनम या कॉलेज विद्यार्थ्यांच्या गणित स्पर्धेचे जुने पेपर बघा. दोन सत्रांत सहा-सहा प्रश्न. प्रत्येक सत्रातले पहिले दोन साधारण सोपे असतात, तेवढेच आधी घ्या. १९८० मधला एक: ० ते पाय/२ या मर्यादांत १ ÷ [१ + (टॅन क्ष) चा √२ वा घात] याचं इंटिग्रल. घातावर झटापट करण्यात लोक तास घालवतात. क्षच्या जागी (पाय/२ − क्ष) ठेवा, दोन्ही इंटिग्रल मिळवा, बेरजेत आत नुसता १ उरतो. उत्तर पाय/४. √२ फक्त चकवायला होता.

लगेच २००५ मधला घ्या: ० ते १, लॉग(१+क्ष) ÷ (१+क्ष²). क्ष = टॅन थीटा, मग तीच अदलाबदल: थीटाच्या जागी (पाय/४ − थीटा). उत्तर (पाय/८) × लॉग २ (नैसर्गिक), म्हणजे ०.२७२२.

हे तपासायला कोणाची गरज नाही. ०, ०.२५, ०.५, ०.७५, १ या पाच जागी किंमती काढून सिम्प्सनचा नियम (अशा किंमतींवरून इंटिग्रल अंदाजे काढायची रीत) लावा, ०.२७२३ येतं. प्रत्येक निश्चित इंटिग्रलला ही सवय ठेवा. चिन्हाची नाहीतर दुपटीची चूक तिथेच पकडली जाते.

इंटिग्रलच्या आत डेरिव्हेटिव्ह घेण्याची युक्ती शिकाल तेव्हा मात्र जपून. साइन क्ष ÷ क्ष, ० ते अनंत: साइनच्या आत 'ब' घालून 'ब' ने डेरिव्हेटिव्ह घेतलात तर आत कोसाइन उरतो आणि ते इंटिग्रल अभिसरतच नाही, म्हणजे कुठल्याच ठराविक किंमतीला पोचत नाही. आधी ई चा (−अ क्ष) वा घात गुणून घ्या, 'अ' ने डेरिव्हेटिव्ह घ्या, शेवटी अ शून्याकडे न्या. पाय/२ नीट येतं.

अजनी_चौक
रेशीमबाग, शून्य_मैल दादा, धन्यवाद. इंटिग्रलचं कळलं. भौतिकशास्त्रात उत्तर आकड्यात नसून अक्षरांत आलं तर?

शून्य_मैल
मग टोकाच्या किंमती घालून बघ. गुळगुळीत फरशीवर भ वस्तुमानाचा अर्धगोल मोकळा ठेवलाय, माथ्यावरून म वस्तुमानाचा कण घसरतो. तो पृष्ठभाग सोडतो तेव्हा उभ्या रेषेशी असलेल्या कोनाच्या कोसाइनला 'क' म्हण. उत्तर असं यायला हवं:

[म ÷ (म+भ)] × क चा घन − ३क + २ = ०

भ अतिप्रचंड धर: क = २/३, म्हणजे स्थिर गोलाचं नेहमीचं उत्तर. भ शून्य धर: (क−१)²(क+२) = ०, म्हणजे क = १. वजनच नसलेला गोल कणाला आधार देऊ शकत नाही, कण माथ्यावरूनच सरळ खाली पडतो. दोन्ही टोकं जुळली की बराच भरवसा धरता येतो.

चूक होते ती वेगात. सुटण्याच्या क्षणी वर्तुळगतीच्या समीकरणात गोलाच्या सापेक्ष वेग लागतो, ऊर्जेच्या समीकरणात जमिनीच्या सापेक्ष. दोन्हीकडे एकच अक्षर वापरलं की भ अनंत असतानाचं उत्तर बरोबर येतं आणि बाकी सगळं चुकतं. म्हणून एकाच टोकावर थांबू नकोस.

फुटाळा
एक गणित नागपूरचंच. अक्षांश २१.१५ अंश. १०० मीटर उंचीवरून दगड सोडला, हवेचा विरोध नाही. तो लंबकरेषेच्या किती पूर्वेला पडेल?

मनोऱ्याचा माथा पायथ्यापेक्षा जास्त वेगाने पूर्वेला जातो, तो फरक गुणिले पडायचा वेळ (४.५२ सेकंद), असं केलं तर ३ सेंटिमीटर येतात. खरं उत्तर २ च्या आसपास. ताऱ्यांच्या चौकटीतून पाहा: दगड पूर्वेला सरकतो तशी पृथ्वीच्या केंद्राची दिशा कलते आणि गुरुत्वाचा बारीकसा घटक त्याला पश्चिमेला ओढतो. पहिल्या हिशेबातला बरोबर एक तृतीयांश भाग त्यात जातो. हे स्वतः मांडून दाखव, मग कोरिऑलिस बलाने (फिरत्या पृथ्वीवरून पाहताना दिसणाऱ्या आभासी बलाने) तेच काढ.

ते झालं की नागपुरात फुकोच्या लंबकाचं (पृथ्वीच्या फिरण्याने ज्याची झुलण्याची दिशा हळूहळू वळते त्या लंबकाचं) प्रतल एक फेरा किती वेळात घेईल ते काढ. सुमारे ६६ तास यायला हवेत. ध्रुवावर जवळपास २४, विषुववृत्तावर कधीच नाही. उत्तरात लंबकाची लांबी शिल्लक राहिली, तर मांडणी पुन्हा पहिल्यापासून तपास.